मॅगझिन, स्प्रिंग आणि ‘जुने ते सोने’

परभणी जिल्ह्यातल्या मानवतला शिक्षकांबरोबर ‘स्थितिस्थापकता’ या पाठावर आम्ही एकदा चर्चा करत होतो. समोर बॉलपेनच्या स्प्रिंगा, वजने आणि पट्ट्या मांडलेल्या होत्या. स्प्रिंग कोठे कोठे वापरतात याची यादी फळ्यावर वाढत चालली होती : घड्याळ, सायकलचे सीट, वजनकाटा, कुलूप. तेवढ्यात विद्यार्थिदशेत एन.सी.सी.त असलेले एक शिक्षक म्हणाले, “सर, रायफलचं मॅगझिन लिहा. आणि एक सांगा, जुन्या थ्री-नॉट-थ्रीचं मॅगझिन म्हणे वर्षानुवर्षं चालायचं आणि नव्या रायफलींची मॅगझिनं कारगिलला थंडीत तडकली. मग जुनं ते सोनं, हेच खरं ना?”

प्रश्न गमतीने विचारलेला नव्हता. मानवतचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात आले, तेव्हा पायदळाच्या हाती हीच थ्री-नॉट-थ्री होती. त्या काळच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसांना या रायफलीविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. पण आपुलकी वेगळी आणि विश्वासार्हता वेगळी. विश्वासार्हता मोजता येते, तिची कारणे शोधता येतात. आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले ते अपुरे होते. ते येथे सविस्तर देत आहोत.

खजिन्याची बहीण

आधी शब्द पाहू. ‘मॅगझिन’ हा शब्द युरोपात गेला तो अरबीतून. अरबीत ‘मखजन’ म्हणजे साठवणीची जागा, कोठार. त्याच धातूपासून आपल्याकडे ‘खजिना’ आला. म्हणजे खजिना आणि मॅगझिन या बहिणीच! बंदुकीच्या दारूचे कोठार ते मॅगझिन, रायफलीत काडतुसे साठवण्याची पेटी ती मॅगझिन, आणि माहितीचा साठा असलेले मासिक तेही मॅगझिनच.

रायफलीच्या मॅगझिनमध्ये मुख्य भाग चारच. एक पेटी, तिच्या तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर बसलेली आणि काडतुसांना वर ढकलणारी तबकडी, आणि वरच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा. या कडांना ‘ओठ’ म्हणतात. ओठ काडतुसाला नेमक्या उंचीवर आणि नेमक्या कोनात धरून ठेवतात. मागून बोल्ट पुढे येतो, वरच्या काडतुसाला ढकलतो, ते ओठांतून सुटून नळीत जाते. ओठ थोडे जरी फाकले किंवा वाकले, तरी काडतूस वाकडे उठते आणि अडकते. एवढी मोठी रायफल, पण तिचे चालणे किंवा न चालणे या पातळ पत्र्याच्या कडांवर अवलंबून असते.

कापसापासून मॅगझिनपर्यंत

मॅगझिनची गरज निर्माण झाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर काळी दारू वापरात होती. प्रत्येक बारानंतर धुराचा लोट उठे आणि नळीत काजळी साचे. भराभर बार काढण्याची सोय असली तरी धुरामुळे समोरचे दिसेनासे होई.

ही अडचण सोडवली कापसाने. कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज, म्हणजे ‘गनकॉटन’ मिळतो. त्यात नायट्रोग्लिसरीन आणि थोडे व्हॅसलीन मिसळून इंग्रजांनी १८८९ मध्ये ‘कॉर्डाइट’ ही जवळजवळ धूरविरहित दारू तयार केली. पहिल्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन होते. मानवतसारख्या कापसाच्या बाजारपेठेतल्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे : वस्त्राला लागणारे सेल्युलोज आणि गनकॉटनला लागणारे सेल्युलोज एकच.

धूर गेला, काजळी कमी झाली, मग एकामागून एक काडतूस झटपट पुरवण्याला अर्थ आला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडा व अमेरिकेत काम केलेल्या जेम्स पॅरिस ली या संशोधकाने रायफलीच्या पोटाखाली बसणाऱ्या, काढता येणाऱ्या पेटीचे पेटंट १८७९ मध्ये घेतले होते. तिच्यावर आधारलेली ‘ली-मेटफर्ड’ रायफल ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये स्वीकारली. सुरुवातीला तिच्या पेटीत आठ काडतुसे एकावर एक बसत. पुढे दोन रांगांत तिरपी रचून दहा बसू लागली. १८९५ मध्ये ‘ली-एनफील्ड’ आली. हीच आपली थ्री-नॉट-थ्री. नळीच्या आतल्या व्यासावरून, म्हणजे ०.३०३ इंचावरून हे नाव पडले. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती विसाव्या शतकाच्या आरंभापासून बनू लागली.

जुन्या मॅगझिनचे बळ कशात होते?

येथे एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. ली-एनफील्डची पेटी काढता येत होती, पण लढताना ती काढायची नसे. शिपाई पाच-पाच काडतुसांच्या पत्र्याच्या पट्ट्या सुती पट्ट्याच्या खिशांत बाळगी, आणि पेटी जागेवरच ठेवून वरून काडतुसे आत दाबी. पेटी काढायची ती साफसफाईसाठी. म्हणजे एका रायफलीला एकच पेटी. ती त्याच रायफलीशी जुळवून घेतलेली असे. ओठ किंचित वाकवून, घासून कारागीर ती नीट बसवून देई.

शिवाय या मॅगझिनचे काम सोपे होते. बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा. पहिल्या महायुद्धापूर्वीचा कसलेला ब्रिटिश शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढी, म्हणजे प्रत्येक बाराला चार सेकंद. दहा काडतुसांचे वजन सुमारे पाव किलो. तेवढे वर सरकवायला स्प्रिंगला भरपूर सवड मिळे.

आता ए.के. जातीची रायफल घ्या. पेटीत तीस काडतुसे, वजन सुमारे अर्धा किलो. वेग मिनिटाला सुमारे सहाशे बारांचा, म्हणजे एका बाराला सेकंदाचा दहावा भाग. त्यातही बोल्ट काडतुसाच्या मागे असण्याचा क्षण आणखी लहान. तेवढ्यात संपूर्ण रास एका काडतुसाच्या जाडीइतकी वर आली पाहिजे. न्यूटनचा दुसरा नियम येथे शांतपणे काम करत असतो : दुप्पट वस्तुमान, कितीतरी कमी वेळ, तेव्हा बल कितीतरी जास्त हवे. नव्या मॅगझिनवर असा भार असताना दोघांची तुलना ‘कोण कमी अडकले’ एवढ्यावर करणे म्हणजे बैलगाडीचे चाक आणि मोटारीचे चाक यांत कोणते कमी पंक्चर होते असे विचारणे होय.

आणि जुने मॅगझिन निर्दोष होते असेही नाही. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे असली तर ते सहज पुढे सरकते. ती मागे राहिली तर दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट पुढे जात नाही. फळ्यावर दोन काडतुसांचे चित्र काढले तर विद्यार्थ्यांना हे लगेच उमजते. म्हणून काडतुसे कशी भरायची याची तालीम शिपायाला द्यावी लागे. हा दोष ब्रिटिशांनाही ठाऊक होता. कडा नसलेल्या काडतुसाची नवी रायफल त्यांनी १९१३ मध्ये चाचणीसाठी तयार केली होती, पण १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि बदल राहून गेला. थ्री-नॉट-थ्रीला दीर्घायुष्य मिळाले त्यात गुणांचा वाटा होता, तसा परिस्थितीचाही होता.

दाबून ठेवलेली स्प्रिंग मरते का?

मॅगझिन भरून ठेवले की स्प्रिंग ‘बसते’, असा समज सर्वत्र आहे. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम आपण शिकवतो : स्प्रिंगवरील बल आणि तिच्या लांबीतला बदल समप्रमाणात असतात, पण एका मर्यादेपर्यंतच. मर्यादेच्या आत दाबलेली पोलादी स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी दुबळी होत नाही. ती थकते मुख्यतः वारंवार दाबण्या-सोडण्याने, मर्यादेपलीकडे दाबल्याने आणि गंजाने. निकृष्ट पोलादाची किंवा जागा वाचवण्यासाठी मर्यादेच्या अगदी काठावर वापरलेली स्प्रिंग मात्र नुसती दाबून ठेवली तरी हळूहळू ढिली पडते.

हुकच्या नियमातून आणखी एक गोष्ट निघते. पेटी पूर्ण भरलेली असते तेव्हा स्प्रिंग सर्वांत जास्त दाबलेली असते आणि तिचे बल सर्वांत जास्त असते. शेवटच्या काडतुसाच्या वेळी ते सर्वांत कमी असते. पहिल्या वेळी बल फार झाले तर वरचे काडतूस ओठांना घट्ट घासते. शेवटी कमी पडले तर काडतूस वेळेत वर येत नाही. दहा काडतुसांच्या पेटीत हा फरक सांभाळणे सोपे, तिसांच्या पेटीत अवघड. त्यावर उपाय म्हणजे लांब स्प्रिंग घेऊन ती मुळातच बरीच दाबून बसवायची, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या बलातला फरक प्रमाणाने कमी होतो.

हे वर्गात करून पाहता येईल. बॉलपेनच्या एकसारख्या सहा स्प्रिंगा घ्या. प्रत्येकीची लांबी आणि ठरावीक वजनाखालचे आकुंचन मोजून ठेवा. दोन दाबून, दोऱ्याने बांधून महिनाभर ठेवा. दोन रोज दोनशे वेळा दाबा-सोडा. दोन एकदाच ओढून भरपूर ताणा. महिन्यानंतर पुन्हा मोजा. निष्कर्ष आम्ही येथे सांगत नाही.

किती उरली, हे दिसायला हवे

नव्या मॅगझिनची कहाणी ही बऱ्याच अंशी एका साध्या गरजेची कहाणी आहे. आत किती काडतुसे उरली हे शिपायाला कळायला हवे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सने १९१५ मध्ये ‘शोशा’ नावाची हलकी मशीनगन काढली. तिच्या अर्धचंद्राकृती मॅगझिनच्या एका बाजूला मोठे झरोके ठेवले होते, म्हणजे काडतुसे दिसत. पण लढाई खंदकांतली होती. झरोक्यांतून चिखल आत जाई आणि बंदूक अडे. डोळ्यांची सोय झाली आणि चिखलाचीही!

अमेरिकेच्या एम-१६ रायफलीसाठी १९६० च्या दशकात हलक्या ॲल्युमिनियमची पेटी केली. ती वापरून टाकून द्यायची अशी मूळ कल्पना होती. सैन्यात कोण टाकून देतो? तीच तीच पेटी वर्षानुवर्षे वापरली गेली, ओठ वाकले आणि रायफल अडू लागली. दोष पेटीचा म्हणावा की तिच्या वापराचा?

आता आपल्याकडे या. पुण्यात पाषाण येथे शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने ‘इन्सास’ ही ५.५६ मिलिमीटरची भारतीय रायफल विकसित केली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती सैन्यात आली. तिचे वीस काडतुसांचे मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचे होते. शोशाच्या झरोक्यांचे काम येथे प्लास्टिकने केले. आतले दिसते आणि धूळही आत जात नाही. कल्पना उत्तम होती. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या उंच, गोठवणाऱ्या शिखरांवर मात्र ही मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या.

असे का होते? प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्यांसारखे रेणू. उबेत या साखळ्या थोड्याफार सरकू शकतात, म्हणून आघात पचतो. तापमान उतरत गेले की त्या जखडतात. मग आघाताची ऊर्जा जिरवायला वाव राहत नाही आणि तडा जातो. उलट मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अंगणात राहिलेली प्लास्टिकची बादली दोन वर्षांत कडकडीत होते, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी या साखळ्या तुटतात म्हणून. शिवाय उष्णतेत आणि सततच्या दाबाखाली प्लास्टिक हळूहळू सरकते. भरून ठेवलेल्या मॅगझिनमध्ये त्याने ओठ फाकण्याची भीती असते. म्हणजे ‘प्लास्टिक’ हे उत्तर पुरेसे नाही. कोणते प्लास्टिक, कोणत्या तापमानासाठी, किती जाडीचे आणि ओठांना कशाचा आधार देऊन, हे विचारावे लागते. सोव्हिएत अभियंत्यांनी प्लास्टिकच्या मॅगझिनमध्ये मोक्याच्या जागी पोलाद बसवले. अमेरिकेत २००७ मध्ये आलेल्या एका प्लास्टिक मॅगझिनला असे झाकण दिले, की साठवणीत ओठांवरचा दाब निघून जावा. आज प्लास्टिकची मॅगझिने जगभर पायदळे वापरतात. प्लास्टिक तेच, पण मधल्या काळात शिकलेले धडे त्यात ओतले गेले.

दोन हिशेब

पहिला हिशेब संभाव्यतेचा. समजा, जुन्या आणि नव्या दोन्ही मॅगझिनमध्ये काडतूस अडकण्याची शक्यता अगदी सारखी, हजारात एक आहे. ही संख्या केवळ उदाहरणासाठी. जुन्या रायफलीतून दिवसभरात दहा बार काढले, तर एकदाही न अडकण्याची शक्यता ०.९९९ चा दहावा घात, म्हणजे ०.९९. शंभर दिवसांत एखादा दिवस अडचणीचा. नव्या रायफलीतून त्याच दिवशी १८० बार काढले, तर ०.९९९ चा १८० वा घात, म्हणजे सुमारे ०.८३५. आता सहा दिवसांत एक दिवस अडचणीचा! मॅगझिन तितकेच चांगले असून शिपाई म्हणेल, “जुनी कधी दगा देत नव्हती.” तो खोटे बोलत नसतो. तो दिवस मोजत असतो. मोजायला हवेत बार.

दुसरा हिशेब काळाचा. कोणत्याही यंत्रातल्या बिघाडांचा काळानुसार आलेख काढला तर तो बहुधा न्हाणीच्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला रचनेतले आणि निर्मितीतले दोष बाहेर येतात, बिघाड जास्त. मग लांब, सपाट, शांत काळ. शेवटी झीज आणि गंज यांमुळे बिघाड पुन्हा वाढतात. नव्या मॅगझिनचा अनुभव आपण टबाच्या डाव्या काठावर घेतो आणि जुन्याची आठवण मधल्या सपाट भागातली ठेवतो. शिवाय जुन्यांपैकी जी वाईट होती ती केव्हाच भंगारात गेली. जुन्या वाड्यांचे दरवाजे भक्कम वाटतात, कारण जे भक्कम नव्हते ते सरपणात गेले.

टबाचा उजवा काठ

पण टबाला उजवा काठही असतो, आणि त्याची किंमत माणसे मोजतात.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सी.एस.टी. स्थानकावर दोन दहशतवादी ए.के. रायफली घेऊन शिरले. तेथे असलेल्या काही पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होत्या आणि काहींच्या हाती नुसती लाठी. पन्नासहून अधिक माणसे तेथे मारली गेली, त्यांत पोलीसही होते. त्यानंतर ‘जुनाट रायफली’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला.

येथे ‘जुनी’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी मिसळतात, त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. एक, रचना जुनी : हाताने बोल्ट ओढायचा आणि दहा काडतुसांनंतर पुन्हा भरायचे. समोर तीस-तीस काडतुसांची मॅगझिने क्षणात बदलणारा माणूस असेल तर दोष नसलेली थ्री-नॉट-थ्रीही अपुरीच पडते. दोन, वस्तू जुनी : झिजलेली स्प्रिंग, गंजलेली पेटी. तीन, काडतूस जुने : दारू आणि टोपी यांचे आयुष्य साठवणीवर अवलंबून असते. चार, सराव जुना : वर्षानुवर्षे नेमबाजी केलेलीच नसेल तर हात चालत नाही. पहिल्या गोष्टीवर उपाय नवी रायफल हा आहे. बाकीच्या तिन्हींवर तो नाही. तेथे देखभाल, तपासणी आणि तालीम लागते. नवी रायफलही दहा वर्षे न तपासता कोठारात ठेवली तर ती उजव्या काठाला पोहोचतेच. ‘रायफल जुनी होती’ एवढे म्हणून आपण थांबलो, तर नवी खरेदी झाली की प्रश्न सुटला असे वाटेल, आणि पुढच्या वेळी त्याची किंमत पुन्हा एखादा हवालदार मोजेल.

उत्तर प्रदेश पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये थ्री-नॉट-थ्रीला समारंभपूर्वक निरोप दिला. सैन्यात इन्सासची जागा आता नव्या रायफली घेत आहेत. भारत-रशिया सहकार्याची ए.के.-२०३ अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे बनते. तिचे मॅगझिनही प्लास्टिकचेच आहे.

मानवतच्या त्या शिक्षकांना आमचे उत्तर असे : गुरुजी, थ्री-नॉट-थ्रीचे मॅगझिन चांगले होते, कारण त्याच्याकडून थोडे मागितले होते आणि जे मागितले त्यासाठी त्याला नीट जुळवले होते. इन्सासच्या पहिल्या मॅगझिनला ज्या थंडीत काम करायचे होते, त्या थंडीसाठी त्याचे प्लास्टिक पुरेसे पारखलेले नव्हते. यातून जुने सोने ठरत नाही आणि नवेही ठरत नाही. कसाला लावलेले तेवढे सोने. कस लावायचा तो खंदकात किंवा फलाटावर नव्हे, त्याच्या आधी, प्रयोगशाळेत आणि चांदमारीच्या मैदानावर.

आणि त्याची सुरुवात सहा बॉलपेनच्या स्प्रिंगांपासून, वर्गातच करता येते. मोजमापांची वही तेवढी नीट ठेवायला सांगा.